रक्त पातळ करणाऱ्या गोळीची मात्रा आणि जनुकीय चाचणी

प्रश्न : माझ्या आईचे वय ५८ असून सव्वा वर्षापूर्वी तिच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची बसवली आहे. तेव्हापासून ती असेनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी घेते. परंतु तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा; तो जितका जास्त, तितके रक्त पातळ) कधी १.६, तर कधी ४.२ येतो. श्रावणात तो हमखास खाली जातो. जनुकीय चाचणी करून मात्रा एकदाची ठरवून घ्यावी, असे मुंबईचे नातेवाईक सुचवतात. ती करावी का? की ज्यांना आयएनआर लागत नाही अशा नव्या गोळ्या घ्याव्यात?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या आईंच्या बाबतीत या चाचणीवर खर्च करू नये, असे माझे मत आहे. चाचणीमागचे शास्त्र मात्र खरे आहे. ‘व्हीकेओआरसी१’ हे जनुक ज्या विकराची (एन्झाइमची) माहिती वाहते, त्यालाच हे औषध अडवते. ‘सीवायपी२सी९’ या जनुकाच्या काही प्रकारांत औषधाचा निचरा सावकाश होतो आणि थोडी मात्राही जास्त ठरते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली याच गटातील वॉरफरिन या औषधाच्या माहितीपत्रकात या जनुकांचा उल्लेख घातला. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांपैकी युरोपातील अभ्यासात चाचणीचा लाभ दिसला, अमेरिकेतील अभ्यासात दिसला नाही. आणि आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या असेनोकुमारॉलबाबतच्या युरोपीय अभ्यासातही बारा आठवड्यांअखेर ठळक फरक आढळला नाही.

मुख्य म्हणजे ही चाचणी सुरुवातीची मात्रा ठरवण्यासाठी आहे. सव्वा वर्ष औषध घेतलेल्या रुग्णाच्या शरीराने आपले उत्तर आयएनआरच्या नोंदींतून आधीच दिलेले असते. शिवाय जनुके महिन्यागणिक बदलत नाहीत, त्यामुळे आज १.६ आणि पुढे ४.२ का, याचा उलगडा त्यांतून होणार नाही. तो स्वयंपाकघरात आणि औषधांच्या पिशवीत शोधावा लागेल.

श्रावणाचे आपले निरीक्षण मार्मिक आहे. मासळी बंद होते आणि तांबडी भाजी, अळू, टायकिळा यांचे ताटातले प्रमाण एकदम वाढते. पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करते आणि आयएनआर उतरतो. यावर उपाय भाजी सोडण्याचा नव्हे (तशी सक्ती घरोघरी केली जाते, ती अनाठायी आहे), तर वर्षभर तिचे प्रमाण साधारण सारखे ठेवण्याचा. उलट आयएनआर ४.२ आला, त्याआधीच्या पंधरवड्यात मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल किंवा फ्लुकोनाझोल (जंतुसंसर्ग किंवा बुरशीवरची औषधे) यांपैकी काही घेतले होते का, गोळी चुकून दोनदा गेली होती का, जेवण तुटले होते का, हे आठवून पाहावे. दुखण्यावरच्या गोळ्या फार्मसीतून परस्पर आणू नयेत. त्यांतील बऱ्याच गोळ्यांनी, आयएनआर न वाढताही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. रोजची मात्रा, आजारपण आणि आहारातील बदल एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवले, तर आपल्या डॉक्टरांना जनुकीय अहवालापेक्षा त्यांचाच अधिक उपयोग होईल. मायट्रल जागी धातूची झडप असल्यास आयएनआर साधारणपणे २.५ ते ३.५ ठेवतात, आईंसाठी ठरवलेली मर्यादा डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावी.

नव्या गोळ्यांचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. धातूच्या झडपेच्या रुग्णांना डॅबिगाट्रान ही अशीच एक नवी गोळी देऊन केलेली चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण त्यांच्यात गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले होते.