‘सामाईक चलन’ की ‘एकच चलन’?

युरोबद्दल ब्रिटनमधल्या पक्षांच्या भूमिका सांगणाऱ्या एका मराठी लेखात कुठे ‘सामाईक चलन’, कुठे ‘एकच चलन’, तर एके ठिकाणी ‘समान चलन’ असं छापलंय. हे तिन्ही एकच का, असा प्रश्न आला आहे.

‘समान’ आधी बाजूला काढू. समान म्हणजे सारखं, बरोबरीचं. ‘समान चलन’ म्हटलं की दोन चलनांची किंमत सारखी आहे असं वाटतं, आणि इथे तो मुद्दाच नाही.

राहिले दोन. रोजच्या बोलण्यात सामाईक आणि एकच यांची सरमिसळ चालून जाते, या विषयात चालत नाही. कारण ब्रिटनमध्ये एका काळी सगळं भांडण या दोन शब्दांमधल्या फरकावरच चाललं होतं. भिंत सामाईक असली तरी दोन्ही घरं आपापल्या जागी असतात. सामाईक चलनाचंही तसंच: ते सगळ्यांचं, पण प्रत्येकाचं स्वतःचं चलनही शिल्लक. एकच चलन आलं की बाकीची जातात.

जून 1990 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जॉन मेजर यांनी नेमकी सामाईक चलनाची कल्पना मांडली होती. ‘हार्ड एक्यू’ नावाचं हे चलन पौंड, मार्क, फ्रँक यांच्या जोडीने फिरणार होतं. कुठल्याही राष्ट्रीय चलनाच्या तुलनेत त्याचं अवमूल्यन होऊ द्यायचं नाही, ही अट. वापरायचं की नाही, हे लोकांनी ठरवायचं. हुजूर (कन्झर्वेटिव्ह) पक्षातल्या युरोपच्या बाजूच्या आणि विरोधातल्या दोन्ही गटांना धरून ठेवणारी ही तोडगेबाज योजना होती, असं माझं मत. पण 30 ऑक्टोबरला संसदेत पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी युरोपातल्या वाढत्या केंद्रीकरणाला तीनदा ‘नाही’ म्हणताना या हार्ड एक्यूलाही फारसे गिऱ्हाईक मिळणार नाही असं सुचवलं. दोन दिवसांत उपपंतप्रधान जेफ्री हाव यांनी राजीनामा दिला आणि नोव्हेंबरअखेरीला थॅचर स्वतःच पायउतार झाल्या.

त्यानंतर युरोपात ‘सामाईक’ मागे पडलं आणि ‘एकच’ टिकलं. युरोचा पाया घालणाऱ्या 1992 च्या मास्ट्रिख्ट करारात ब्रिटनने या चलनाबाहेर राहण्याची मुभा मिळवली. (‘सवलत’ नको, सवलत दरात मिळते, बंधनातून मिळते ती मुभा.) म्हणून 1997 नंतरच्या वाक्यांत ‘एकच चलन’च हवं. लेबर पक्षाने त्या वर्षी एकच चलनाला तत्त्वतः होकार दिला, पण अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी पाच आर्थिक कसोट्या पुढे ठेवल्या आणि 2003 मध्ये त्या पुरेशा उतरल्या नाहीत असं सांगितलं. होकारही जिवंत, निर्णयही लांबणीवर! लिबरल डेमोक्रॅट उघडपणे बाजूचे होते. विल्यम हेग यांच्या हुजूर पक्षाची 2001 च्या निवडणुकीतली हाक मात्र ‘पौंड राखा’ अशी होती. युरोचं नावच नाही. विरोध करायचा, पण नकारार्थी शब्द न वापरता. तरी ते दणकून हरले.

पक्षांच्या नेहमीच्या रांगा या प्रश्नावर कशा मोडतात हे पाहायचं तर स्वीडन बघावं. 2003 च्या सार्वमतात सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान योरान पेर्शन युरोच्या बाजूने, त्यांच्याच पक्षातले काही मंत्री विरोधात; उजवीकडचा मॉडरेट पक्ष बाजूने, डावा, हरित आणि सेंटर हे पक्ष विरोधात. सुमारे 56 टक्के विरोधात, 42 टक्के बाजूने. गंमत अशी की स्वीडनला ब्रिटन-डेन्मार्कसारखी मुभा मिळालेलीच नाही. चलनाचा दर युरोशी बांधून ठेवणाऱ्या विनिमयदर यंत्रणेत दोन वर्षं राहण्याची पूर्वअट तो पुरी करत नाही, म्हणून बाहेर. तिथे ‘मुभा’ लिहिणं चूक, ‘पळवाट’ म्हणणं जरा कडक पण वस्तुस्थितीच्या जवळचं.

काही जण ‘एकल चलन’ लिहितात. व्याकरणात ते बसतं, पण वाचताना एकल पालक डोळ्यांसमोर येतात. ‘एकच चलना’च्या विभक्तीत कोणी अडखळत असेल तर ‘एकाच चलनाला’, ‘एकाच चलनाचा’ असं लिहावं. मीही वर ‘एकच चलनाला’ लिहिलं आहे तिथे ‘एकाच’ वाचा. लेखातलं हार्ड एक्यूबद्दलचं ‘सामाईक’ तसंच ठेवा, पाच कसोट्यांच्या परिच्छेदातलं तेवढं बदला.