लॉग डिलीट केला, तरी लिनक्स सर्व्हरची डिस्क भरलेलीच का?

अंधेरीच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर मोठा लॉग (नोंदींची फाइल) उडवूनही 'डीएफ' (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) १०० टक्के दाखवतंय आणि 'डीयू'ची (फायलींची साइझ मोजणारी कमांड) बेरीज निम्मीही होत नाही म्हणता, तर फाइलचं फक्त नाव गेलंय. कुठल्यातरी प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ती अजून उघडी धरलीय. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू खोली सोडत नाही, तसंच.

रूट (अ‍ॅडमिन) होऊन 'एलएसओएफ +एल१' चालवा. डिलीट झालेल्या पण उघड्या फायली, त्यांची साइझ आणि प्रोसेसचा पीआयडी (ओळख-नंबर) समोर येईल. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा लगेच सुटते. अख्खा सर्व्हर रीबूट करायची गरज नाही (सपोर्टवाले हमखास तेच सुचवतात). दिवसा सर्व्हिस बंद करता येत नसेल, तर '/प्रॉक/पीआयडी/एफडी' मधल्या त्या फाइलच्या नंबरवर (यादीतल्या 'एफडी' रकान्यातला) रिकामं आउटपुट रीडायरेक्ट करा, फाइल शून्यावर येते. अर्थात नंबर दोनदा तपासून. चालू लॉग पुढच्या वेळी 'आरएम' (डिलीट) न करता 'ट्रंकेट'ने रिकामा करा, आणि जुने लॉग आपोआप काढणारं लॉगरोटेट लावाच.

यादी रिकामी आली तर 'डीएफ -आय' बघा. लाखो बारक्या सेशन फायलींनी आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपले की जागा असूनही डिस्क फुलचाच एरर येतो.