सायकल उलट्या बाजूने चालवणे धोक्याचे का

जुळे सोलापुरातून सात रस्त्याकडे आपण रोज सायकलने कामाला जाता आणि आपला प्रश्न असा आहे की, पदपथ नसेल तेथे पायी चालणाऱ्याने समोरची वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने चालावे असे शाळेत शिकवतात, तर सायकलस्वारानेही तसेच का करू नये. प्रश्न रास्त आहे. मागून येणाऱ्या गाडीची धास्ती मलाही अनेक वर्षे वाटत असे.

पायी चालणाऱ्याचा वेग ताशी ४ ते ५ किलोमीटर असतो आणि तो एका पावलात थांबतो किंवा कडेला सरकतो, म्हणून समोरची गाडी दिसण्याचा त्याला उपयोग होतो. सायकलस्वाराला तसे आडवे सरकता येत नाही. समजा, आपण ताशी १५ च्या वेगाने चालला आहात आणि मोटार ताशी ४० ने येत आहे. ती मागून येत असेल, तर दोघांतील अंतर ताशी २५ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटरने कमी होते. समोरून येत असेल, तर तेच ५५ च्या वेगाने, सेकंदाला १५ मीटरहून अधिक. चालकाला ब्रेक लावायला मिळणारा वेळ निम्म्याहूनही कमी होतो.

याहून मोठा धोका बोळांच्या तोंडाशी असतो. बोळातून बाहेर पडून डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे पाहतो, कारण वाहतूक तिकडूनच यायची असते. उलट्या बाजूने येणारा सायकलस्वार त्याच्या डावीकडून येतो आणि त्याच्या हिशेबातच नसतो. मी स्वतः मोटारही चालवतो, त्यामुळे हे कबूल करायला संकोच नाही. दुभाजकाचा कट लांब पडतो म्हणून शंभर-दोनशे मीटर उलटे जाण्याची आपल्या गावाला जडलेली सवय म्हणूनच मला हेल्मेट न घालण्याइतकीच घातक वाटते.

डावी बाजू म्हणजे अगदी कडा मात्र नव्हे. कडेला वाळू, खचलेली चेंबरची झाकणे आणि उभी वाहने असतात, आणि ती चुकवण्यासाठी अचानक उजवीकडे घेतलेला झोल मागच्या चालकाला आधी कळत नाही. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालावे. उभ्या मोटारींपासून मात्र किमान एक मीटर लांब राहावे. नवी पेठेत एका मोटारीचे दार अचानक उघडल्याने मी असा आदळलो होतो की, मनगट दीड महिना प्लॅस्टरमध्ये होते. मोटार चालवणाऱ्यांनी उतरताना दार डाव्या हाताने उघडावे: अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते.

गाळपाच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, त्यांची गोष्ट वेगळी. वळताना ट्रॉलीची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता आतल्या बाजूला कापत येतात, शिवाय बाहेर आलेल्या उसाने चालकाला मागचे काही दिसत नाही. वळणावर अशा गाडीच्या डावीकडे जागा रिकामी दिसली, तरी तेथे शिरू नये; मागे थांबावे. अंधारात काही ट्रॉल्यांना मागचा दिवाच नसतो, म्हणून मागे राहतानाही अंतर ठेवावे.

सात रस्त्याच्या चौकात उजवीकडे वळायचे असेल आणि गर्दी असेल, तर मी खाली उतरतो आणि पायी चालणाऱ्यांबरोबर सायकल ढकलत रस्ता ओलांडतो. दोन मिनिटे जातात. त्या वेळी पायी चालणाऱ्यांचे हक्क आपोआप कळतात, विशेषतः झेब्रा पट्ट्यांवरच उभ्या असलेल्या दुचाकींतून वाट काढताना.

राहिली मागच्या गाडीची भीती. सायकलच्या दुकानात हँडलच्या उजव्या टोकाला बसणारा छोटा आरसा मिळतो. सुरुवातीला आरशातील अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून पहिला आठवडा खड्डा चुकवण्याआधी आरशात पाहून झाल्यावर मानही वळवून पाहावी.