लसणाच्या सिझनिंगसाठी एफडी मोडू का?

ताई, तुम्ही नाशिकच्या सिडकोतून विचारलंय की घरी वाळवलेल्या लसणाचं सिझनिंग महिन्याला 70 बाटल्या जातंय, 100 ग्रॅमची बाटली 150 ला, तर मुलाच्या डिप्लोमासाठी ठेवलेली 2 लाखांची एफडी मोडून मोठा ट्रे ड्रायर घ्यावा का. सरळ सांगतो, मोडू नका. माल चांगलाच असणार, पण तुमचं घोडं मशीनपाशी नाही, लसणाच्या भावापाशी अडलंय.

हिशोब बघा. लसणात साठ टक्क्यांच्या वर पाणीच असतं, साल गेली, पाणी गेलं की किलोमागे जेमतेम 300 ग्रॅम पावडर हातात येते. बाटलीत 70 ग्रॅम पावडर धरली, बाकी मीठ, मिरची, कढीपत्ता, तर साधारण 230 ग्रॅम लसूण लागला. लसूण 120 रुपये किलो असेल तर 28 रुपये, वर इतर माल 10, बाटली-लेबल 20, लाइट 9, दुकानदाराचं कमिशन 40, म्हणजे तुमच्याकडे 43 उरले, नि त्यात तुमची सोलायची मजुरी धरलेलीच नाही! आता 2024 आठवा, लसूण 400 च्या पुढे गेला होता. त्या भावात नुसता लसूणच 92 चा, म्हणजे प्रत्येक बाटलीला 21 रुपये खिशातून. आणि 43 च्या हिशोबाने 2 लाख वसूल व्हायला साडेचार हजारांच्या वर बाटल्या, आत्ताच्या खपाने साडेपाच वर्षं. मुलाचा डिप्लोमा तोवर संपलेला असेल.

कुंभमेळ्यात खूप खपेल असं म्हणताय, पण अहो, बरेच साधू-महंत नि भाविक कांदा-लसूण खातच नाहीत. चातुर्मासातही खप पडतो, त्यात पावसाळी हवेत पावडर ओल धरते नि बाटलीत खडा होतो.

मग करायचं काय, तर घरगुती डिहायड्रेटर, म्हणजे वाळवायचं छोटं मशीन, दहा-पंधरा हजारांत घरखर्चातून घ्या आणि खरा पैसा मार्चमध्ये लसणात घाला, नवा माल येतो तेव्हा मार्केट यार्डातून 100 किलो उचला, त्यात तुमचा सहा महिन्यांचा माल होतो. दोन किलो सोललेल्याचा रोज एक घाणा, पातळ काप, 55-60 डिग्रीच्या आत, जास्त तापवलं तर तांबूस होऊन कडवट लागतं. काप वाकला तर अजून ओला, कट्कन मोडला की झालं. लगेच दळू नका, काप हवाबंद डब्यात टिकतात, ऑर्डरपुरतंच दळा. लसणाला पैसे कमी पडले तर एफडी न मोडता तिच्यावर लोन घ्या, एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतं, मोडली तर बँक पेनल्टी कापते.

एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी नसेल तर आधी ती करा, दुकानात माल ठेवताय म्हणून सांगतो. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत 35 टक्के सबसिडी आहे, पण ती बँक लोनला जोडलेली, रोखीने मशीन घेतलंत तर हातची जाईल, म्हणून योजना सुरू आहे का ते कृषी कार्यालयात विचारूनच पुढचं बघा. मोठ्या ड्रायरचं म्हणाल तर लसूण महाग असलेल्या महिन्यांतही, स्वतःची मजुरी धरून, बाटलीमागे वीस-पंचवीस रुपये सुटायला लागले की मला परत लिहा, तेव्हा लोनचे आकडे मांडू.