मुलगा मर्चंट नेव्हीत निघालाय. परदेशी बंदरात जहाज तपासतात, अडकवून ठेवतात म्हणे. त्याच्यावर काही बालंट येईल का?

ताई, मुलगा कॅडेट, म्हणजे शिकाऊ म्हणून पहिल्याच जहाजावर निघालाय आणि हे ऐकल्यापासून जिवाला घोर लागलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापूरचाच, मालवाहू जहाजांवर इंजिन खात्यात आहे. बालंट वगैरे काही येत नाही. उलट जिथं तपासणी कडक, तिथं तुमचं पोरगं जास्त सुरक्षित.

जहाज नोंदवलेलं असतं पनामा, लायबेरिया अशा देशात, आणि सर्टिफिकेटंही त्यांच्याच नावानं निघतात. पण एमएच ०९ ची गाडी कागल ओलांडून कर्नाटकात गेली की तिथले पोलीस तिला थांबवू शकतातच ना, तसा जहाज लागेल त्या देशालाही ते तपासायचा हक्क असतो. जहाजावर याला पीएससी म्हणतात, म्हणजे पोर्ट स्टेट कंट्रोल. १९७८ मध्ये अमोको कॅडिझ हा टँकर फ्रान्सच्या किनाऱ्याला फुटला, दोन लाख टनांहून जास्त तेल समुद्रात गेलं. त्यानंतर १९८२ मध्ये युरोपातल्या देशांनी बंदरात येणारी जहाजं मिळून तपासायचा पॅरिस करार केला. हिंदी महासागराचाही असा करार आहे, त्याची कचेरी आपल्या शेजारी गोव्यात. भारतात हे काम डीजी शिपिंगचे, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचे सर्व्हेयर करतात.

अधिकारी आधी कॅप्टनच्या केबिनमध्ये कागद बघतो आणि मग जहाजावर एक फेरी मारतो. कुठं शंका आली की खोलात शिरतो. खरी परीक्षा तिथं. इमर्जन्सी जनरेटर चालवून दाखवा म्हणतो. ब्लॅकआउट झाला, म्हणजे जहाजाची मुख्य वीज गेली की ४५ सेकंदांच्या आत त्याची वीज यायला हवी. लाइफबोटीचं इंजिन सुरू करायला लावतो. आणि हे चीफ इंजिनिअरला सांगत नाही, बाजूला उभ्या असलेल्या एखाद्या नव्या पोराकडे बोट दाखवतो: तू कर. एका बंदरात आमच्या ऑइलरला, म्हणजे इंजिन खात्यातल्या खलाशाला असंच इमर्जन्सी फायर पंपापाशी नेलं होतं. त्यानं व्हॉल्व्ह उघडला, पंप सुरू केला, डेकवरच्या होजला जोरात पाणी आलं. अधिकारी मान डोलावून पुढं गेला. आग लागते तेव्हा चीफ जवळ असेलच असं नाही, म्हणून मला ही पद्धत फार पटते.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. नियमानं २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी. विश्रांतीच्या तक्त्यात पहाटे झोपलेला दाखवलेला माणूस लॉगबुकात त्याच वेळी तेल भरून घेताना सापडला, तर अधिकारी ते बरोबर पकडतो. पगार वेळेवर होतो का, जेवण आणि पाणी कसं आहे, हेही तो विचारू शकतो. मुलाला सांगा, विचारलं तर खरं तेच सांगायचं. तक्रार कुणी केली हे अधिकाऱ्यानं गुप्त ठेवायचं असतं.

जहाज अडकवतात ते गंभीर दोष निघाला तरच. दोष काढून, पुन्हा तपासणी होऊन मगच सोडतात. नुकसान मालकाचं, कॅडेटच्या सीडीसीवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदी असलेल्या पुस्तिकेवर, त्याचा डाग लागत नाही.

आता तुमच्या हातातलं काम. एजंटकडून जहाजाचं नाव आणि सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, मागून घ्या. इक्वेसिस नावाची वेबसाइट आहे, तिथं फुकट नोंदणी करून तो नंबर टाका. जहाज कुठं तपासलं, किती दोष निघाले, कधी अडकवलं, सगळं दिसतं. किरकोळ दोष सगळ्यांचेच निघतात, त्यानं घाबरू नका. पण जहाज वारंवार अडकलेलं असेल, तर बिनदिक्कत दुसरं जहाज मागा. एजंटचं आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरायचं सरकारी लायसन्स चालू आहे का, तेही डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर बघून घ्या. नंबर द्यायला टाळाटाळ करणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.