वाचकांचे प्रश्न : डिस्टेंपरनंतर मेंदूतील मायेलिनचे काय होते?

प्रश्न : गिरगावातील आमच्या चाळीच्या आवारात जन्मलेले एक पिल्लू आम्ही घरी आणले. लस टोचण्याआधीच त्याला ताप आला, डोळ्यांतून व नाकातून घट्ट स्राव येऊ लागला, जुलाब झाले. उपचारांनी ते बरे झाले, पूर्ववत खाऊ लागले. साधारण तीन आठवड्यांनी मात्र त्याचा मागचा एक पाय आणि जबडा सतत उडू लागला, अगदी झोपेतसुद्धा. चालताना ते एका अंगाला झुकते. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगाच्या विषाणूने मेंदूतील मायेलिन खराब झाले, असे डॉक्टर सांगतात. बऱ्या झालेल्या पिल्लाला हे इतक्या उशिरा का व्हावे? विषाणू मायेलिन खातो का?

उत्तर : पिल्लाला वाचवण्यासाठी तुम्ही घेतलेले कष्ट पत्रातून दिसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मायेलिन म्हणजे चेतातंतूंभोवती गुंडाळलेले मेद व प्रथिनांचे थर. या आवरणात ठरावीक अंतरावर मोकळ्या जागा असतात आणि विद्युतसंदेश फास्ट लोकलप्रमाणे फक्त त्या जागांवर थांबत पुढे जातो. त्यामुळे जाड, आवरणयुक्त तंतूंत त्याचा वेग सेकंदाला 100 मीटरपर्यंत पोहोचतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंत तो जेमतेम 1 मीटर असतो. मेंदूत आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत हे आवरण ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. अशी एक पेशी अनेक तंतूंना आवरण पुरवते, त्यामुळे ती आजारी पडली की एकाच वेळी अनेक तंतू उघडे पडू लागतात.

डिस्टेंपरचा विषाणू गोवरच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे. तो श्वासावाटे शरीरात शिरतो आणि सर्वांत आधी प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींनाच ग्रासतो. या पेशींवाटे तो फुप्फुसे, आतडी आणि मेंदूपर्यंत पोहोचतो. काही दिवसांनी प्रतिकारशक्ती सावरते, रक्तात प्रतिपिंडे (विषाणूला पकडणारी प्रथिने) तयार होतात आणि ताप उतरतो. मेंदूत मात्र विषाणू एका पेशीतून शेजारच्या पेशीत, पेशी न फोडता सरकत राहतो, त्यामुळे तो प्रतिपिंडांच्या तावडीत सहजी सापडत नाही. पिल्लू वरकरणी बरे झाले तरी त्याच्या मेंदूतला आजार चालूच असतो, तो यामुळे.

मायेलिनची हानी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात लहान मेंदूच्या श्वेतद्रव्यात आवरण विरळ होऊ लागते, तरीही तेथे बाहेरून आलेल्या प्रतिकारपेशी फारशा आढळत नाहीत. संसर्ग झालेल्या ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये विषाणूचा आरएनए सापडतो, त्याची प्रथिने मात्र फारशी सापडत नाहीत. आणि मायेलिन घडवणाऱ्या जनुकांचे काम मंदावलेले असते. पेशी जिवंत असते, पण तिचे मुख्य काम थंडावलेले असते. दुसरा टप्पा प्रतिकारशक्ती सावरल्यानंतरचा. आता लसिकापेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मेंदूत उतरतात, भक्षकपेशी चेततात आणि विषाणू नष्ट करण्यासाठी जी विषारी रसायने सोडतात, त्यांनी शेजारचे निरोगी मायेलिनही जळते. त्या मायेलिनचे तुकडे याच भक्षकपेशी गिळतात. तेव्हा मायेलिन खाणाऱ्या पेशी असतात पिल्लाच्या स्वतःच्याच. विषाणूने त्यांना तेथे येण्याचे कारण पुरवलेले असते.

एक फरक लक्षात घ्यावा. पिल्लाचा तोल जातो तो लहान मेंदू आणि त्याला जोडणारे मार्ग बिघडल्यामुळे. पाय आणि जबडा झोपेतही लयीत उडतो, त्याचे कारण प्रामुख्याने चेतापेशींनाच झालेल्या इजेत असते, केवळ मायेलिनच्या झिजेत नव्हे. हे आचके बहुधा कायम राहतात. मात्र ते वाढत नसतील, पिल्लू नीट खात-पीत असेल आणि वारंवार फिट येत नसतील, तर अशी कुत्री घरात चांगली जगू शकतात. त्यामुळे घाईने निराश होऊ नये. विषाणू हमखास मारणारे औषध आज हाती नाही. स्टेरॉइडबाबत विशेष सांगावेसे वाटते : ते दुसऱ्या टप्प्यातील दाह कमी करू शकते, पण विषाणू वाढत असताना दिल्यास त्याला मोकळे रान मिळते. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून ते औषधाच्या दुकानातून आणून देऊ नका.

आणखी एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट. लस न टोचलेल्या कुत्र्यात मेंदूची लक्षणे दिसली की रेबीजचा विचार आधी करावाच लागतो. पिल्लू कोणाला चावले असेल किंवा त्याची लाळ जखमेला लागली असेल, तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत बरीच भटकी कुत्री आहेत. डिस्टेंपर माणसांना किंवा मांजरांना होतो का?

उत्तर : माणसाला या विषाणूने आजार होतो असे आढळलेले नाही, आणि घरातल्या मांजराला त्रास होत नाही. मार्जार कुळातील मोठ्या प्राण्यांची गोष्ट वेगळी आहे. 1994 मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या अरण्यातील सुमारे एक-तृतीयांश सिंह या साथीत गेले. 2018 मध्ये गीरमधील सिंहांच्या मृत्यूंमागेही हा विषाणू आढळला. तुमच्या शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबटे भटकी कुत्री मारून खातात, म्हणून तेथील वस्त्यांमधल्या कुत्र्यांना लस टोचणे हे बिबट्यांच्याही हिताचे आहे. पिल्लाला पहिली लस साधारण 6 ते 8 आठवड्यांचे असताना द्यावी आणि 16 आठवड्यांचे होईपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने पुढचे डोस द्यावेत. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सुरुवातीच्या डोसांना निष्प्रभ करू शकतात, म्हणून एका डोसावर थांबणे धोक्याचे असते. विषाणू ऊन, उष्णता आणि नेहमीच्या जंतुनाशकांनी लवकर नष्ट होतो. आजारी कुत्रा मात्र बरा दिसू लागल्यावरही काही आठवडे, क्वचित काही महिने, विषाणू बाहेर टाकत राहतो.

प्रश्न : मी परळला पशुवैद्यकाचे शिक्षण घेते. मायेलिनची हानी विषाणू करतो की प्रतिकारशक्ती, हे प्रयोगाने कसे ठरवतात?

उत्तर : यासाठी उंदरांमधील एका कोरोनाविषाणूचा, जेएचएम या प्रकाराचा, फार उपयोग झाला. प्रतिकारशक्ती किरणोत्साराने दडपलेल्या उंदरांच्या मेंदूत तो भरपूर वाढतो, तरी मायेलिन बहुतांशी शाबूत राहते. त्याच उंदरांना दुसऱ्या उंदराच्या लसिकापेशी दिल्या की काही दिवसांत मायेलिन झडू लागते. आइसलँडमधील मेंढ्यांच्या व्हिस्ना या मेंदूच्या विषाणुजन्य रोगातही असेच दिसले. 1933 मध्ये जर्मनीहून आणलेल्या काराकुल मेंढ्यांबरोबर तो तेथे पोहोचला. त्याची लक्षणे संसर्गानंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसत. मेंढ्यांची प्रतिकारशक्ती दडपल्यावर मेंदूतील सुरुवातीच्या जखमा कमी झाल्या. हे निष्कर्ष डिस्टेंपरला सरसकट लावू नका : तेथे पहिली झीज प्रतिकारपेशी पोहोचण्याआधीच सुरू झालेली असते, त्यामुळे शवविच्छेदनात जखम कोणत्या टप्प्यातील आहे हे आधी पाहावे लागते.