फ्रेंच भाषा आणि संस्कृती विद्यापीठात शिकून नेमके काय मिळते?

फ्रेंच भाषा शिकवणी लावून किंवा मोबाइलवरील अ‍ॅपच्या मदतीनेही शिकता येत असताना तिच्यासाठी विद्यापीठातील तीन वर्षे का द्यावीत, असे तुम्ही विचारले आहे. मी याच विषयात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि पुढे अनेक वर्षे तो शिकवत आले आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देते.

केवळ अस्खलित बोलता यावे एवढीच इच्छा असेल, तर पदवीची गरज नाही. फ्रान्समधील विद्यापीठे पदवीच्या प्रवेशासाठी साधारणपणे युरोपीय भाषा-चौकटीतील बी-२, म्हणजे भाषा स्वतंत्रपणे वापरता येण्याची, पातळी मागतात. चांगला शिक्षक आणि नियमित सराव असेल, तर ती विद्यापीठाबाहेरही गाठता येते, आणि तिचे ‘डेल्फ’ हे फ्रेंचच्या परीक्षेचे प्रमाणपत्र एकदा हाती आले की त्याची मुदत कधी संपत नाही. विद्यापीठात भाषेकडे साधन म्हणून पाहिले जाते. तेथे खरा अभ्यास होतो तो त्या भाषेतील मजकूर बारकाईने वाचण्याचा आणि त्यामागचा समाज व इतिहास समजून घेण्याचा.

हे कसे घडते, ते एका उदाहरणाने सांगते. फ्रेंच अध्यापनात ‘एक्स्प्लिकासियाँ द तेक्स्त’ नावाची जुनी पद्धत आहे. तीत एक छोटा उतारा घेऊन त्यातील क्रियापदांचे काळ, सर्वनामे, वाक्यांची लांबी आणि लय यांच्या आधारे त्याचा अर्थ उलगडून दाखवायचा असतो. आल्बेर काम्यू यांच्या ‘लेत्राँजे’ (१९४२) या कादंबरीचा पहिला भाग असा वाचला की एक गोष्ट लगेच लक्षात येते. लिखित कथनासाठी फ्रेंचमध्ये ‘पासे सँप्ल’ हा भूतकाळ परंपरेने वापरला जात असे, पण या कादंबरीचा निवेदक मेर्सो आपली हकिकत मुख्यतः ‘पासे काँपोझे’ या बोलण्यातल्या भूतकाळात सांगतो, आणि त्यामुळे प्रत्येक वाक्य शेजारच्या वाक्यापासून सुटे उभे राहते. आईच्या शवपेटीजवळ दूध घातलेली कॉफी पिणे, अंत्यसंस्काराच्या दुसऱ्याच दिवशी पोहायला जाणे, त्याच संध्याकाळी मैत्रिणीबरोबर विनोदी चित्रपट पाहणे, हे सारे तो एकापाठोपाठ एक सांगत जातो आणि त्यांचा एकमेकांशी संबंध मात्र लावत नाही. उत्तरार्धात त्याच्यावर खुनाचा खटला चालतो, तेव्हा सरकारी वकील याच सुट्या गोष्टी ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ यांनी जोडतो आणि त्यांतून एक निर्दय गुन्हेगार न्यायालयापुढे उभा करतो. व्याकरणाच्या तासाला कोरडी वाटणारी काळाची निवड एका माणसाच्या शिक्षेपर्यंत कशी पोहोचते, हे वर्गात सगळ्यांनी मिळून शोधण्यात जो आनंद आहे, तो मला अजूनही तितकाच वाटतो.

याच कादंबरीत ज्याचा खून होतो, त्याला शेवटपर्यंत नाव मिळत नाही. तो फक्त ‘अरब’ असतो. कथा अल्जीरियात घडते आणि तो देश १८३० पासून १९६२ पर्यंत फ्रेंच सत्तेखाली होता. त्यामुळे भाषेचा तास येथे आपोआप इतिहासाचा तास होतो, आणि माझ्या मते या विषयातील ‘संस्कृती’ खऱ्या अर्थाने येथूनच सुरू होते. फ्रान्समध्ये सत्तेने भाषेला किती जाणीवपूर्वक हाताळले, हे पाहण्यासारखे आहे. १५३९ च्या राजाज्ञेने न्यायालयीन कागदपत्रांतून लॅटिन हटवून फ्रेंच आणली, १६३५ मध्ये राजाचा मुख्यमंत्री रिशलिए याच्या पुढाकाराने भाषेचे नियमन करणारी फ्रेंच अकादमी स्थापन झाली, आणि तरीही क्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, धर्मगुरू व लोकप्रतिनिधी आबे ग्रेग्वार यांनी आपल्या अहवालात शुद्ध फ्रेंच बोलणारे जेमतेम तीस लाख असल्याचे नोंदवले. पुढे १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. त्याच शाळांत ब्रेताँ ही फ्रान्सच्या पश्चिमेकडील ब्रिटनी प्रांताची भाषा बोलणाऱ्या मुलांना मातृभाषेसाठी शिक्षाही होत असे, हेही अभ्यासक्रमात यायलाच हवे. मग वसाहतींतील लेखक फ्रेंचकडे वेगळ्या नजरेने का पाहतात, हे समजू लागते. कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटाचे एमे सेझेर आणि सेनेगलचे सेंघोर यांनी याच भाषेतून कृष्णवर्णीय अस्मितेची मांडणी केली. सेंघोर १९८३ मध्ये अकादमीवर निवडून आले, तर अल्जीरियाच्या आसिया जेबार २००५ मध्ये. फ्रान्सबाहेरचे हे साहित्य ज्या अभ्यासक्रमात नावापुरतेच आहे, तो मला अपुरा वाटतो.

लेखनाची शिस्त हाही मोठा लाभ आहे. ‘दिसेर्तासियाँ’ या निबंधप्रकारात दिलेल्या विधानातून आधी एक नेमका प्रश्न काढावा लागतो आणि मग त्याच्या दोन्ही बाजू तपासत पुढे जावे लागते. फ्रान्समध्ये त्याला वीसपैकी गुण मिळतात आणि तेथे चौदा गुण चांगले मानले जातात, त्यामुळे सुरुवातीला मिळणाऱ्या नऊ-दहा गुणांनी खचून जाऊ नये.

एका उणिवेची कल्पना मात्र आधीच असू द्यावी. पुस्तकी फ्रेंच उत्तम येणारा विद्यार्थीही प्रत्यक्ष संभाषणात अडखळतो, कारण बोलताना लोक नकारातील ‘न’ सर्रास गाळतात, शब्द एकमेकांत मिसळतात आणि पासे सँप्ल तर तोंडी जवळजवळ वापरतच नाहीत. यासाठी रोज ऐकणे हाच उपाय आहे. आरएफआय या रेडिओवर सोप्या फ्रेंचमधील बातम्यांचा कार्यक्रम असतो, तेथून सुरुवात करावी. नोकरीचा विचार करता अध्यापन आणि अनुवाद या सरळ वाटा आहेत. पण कायदा, अर्थशास्त्र किंवा इतिहास यांपैकी एखादा दुसरा विषय जोडीला घेतल्यास फ्रेंचचे मोल निश्चित वाढते.

प्रवेश घेण्यापूर्वी शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम मागवून वाचावा. पुस्तके मूळ फ्रेंचमधून वाचायची आहेत की उताऱ्यांच्या संकलनातून, निबंध फ्रेंचमध्ये लिहायचे आहेत का, आणि फ्रेंचभाषक देशात एखादे सत्र घालवण्याची सोय आहे का, एवढे त्यातून कळले तरी तुमचा निर्णय बराच सोपा होईल.